चाळीस मीटर

लाट चाळीस मीटर लांब.
तार लागते तिच्या निम्मी, म्हणजे सहासष्ट फूट.
सुदामानगरातला आमचा प्लॉट वीस बाय पन्नास.
उरलेली सोळा फूट
पोरवालांच्या हवेत.

मेजर टेप घेऊनच गेले.
"भाभी, आपके सुरजने को एक डोरी बाँधनी है."
त्यांनी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"बाँध लो दीदी. पर कपड़े मत सुखाना."

त्याआधी हवालदार येऊन गेला होता
लायसनच्या चौकशीला.
पोह्यांवर जीरावन घालून घेतलं, बशी संपवली,
मग वही उघडली.
बात किससे करोगी?
जो ऐकेल त्याच्याशी.
नाम?
माहीत असतं तर पोस्टकार्ड टाकलं असतं.
त्यानं रकान्यात लिहिलं: शौक.

मुश्ताक टाकीवर चढला, बांबू उभा केला,
तार दोन्ही अंगांनी उतरती, वाशांसारखी.
अर्थिंगला खड्डा. काळी माती वैशाखात
भेगाळून हात आत जाईल एवढी.
कोळसा, खडेमीठ, वर रोज एक बादली पाणी.
काय लावलंत, येणारेजाणारे विचारतात.
तांबं, म्हणते मी. उगवलं तर सांगेन.

सेट उज्जैनच्या एका डॉक्टरांच्या मागे राहिलेला.
बटणावर एकाच जागी झीज,
माझा अंगठा तिथं बसत नाही.

लावला,
आणि ऐकू आलं सुदामानगर.
इन्व्हर्टर, चार्जर, जिन्यातले एलईडी,
पाटीदारांच्या माशांच्या पेटीतला पंप.
प्रत्येक घर भिंतीआड कुरकुरत होतं
आणि जग त्याखाली कुठेतरी.
तीन आठवडे
मी शेजाऱ्यांची वीज ऐकत बसले.

तारघरात पंख्याच्या खडखडाटाखालून
मी माणसं ऐकलीत.
आजोबा गंभीर निघा.
मुलगा झाला दोघे सुखरूप.
शब्दाला पैसे पडायचे,
म्हणून लोक थोडं बोलायचे, आणि बहुधा खरं.
मग टेलिप्रिंटर आला, मग कॉम्प्युटर, मग कुलूप.
बोटांना कुणी कळवलं नाही.
गवार मोडताना ती अजून
ताटाच्या काठावर कडकट्ट, कडकट्ट.

मंगळवारी पावणेअकराला लाइट गेली.
गल्लीभर एकच "अरेऽऽ".
सेट बॅटरीवर होता.
कुरकुर अशी बसली
जशी आधण उतरवल्यावर भांड्याची,
आणि तळाशी
एक हात.
सावकाश, जरा कापरा,
लांब ठोका हवा त्याहून लांब ओढणारा.
नवशिका असेल, नाहीतर माझ्यापेक्षा म्हातारा.
कुणी आहे का, म्हणत होता.
कुणी आहे का.

मी की ओढली.
आहे.

तो इतका वेळ गप्प झाला
की वाटलं, घाबरला.
मग नाव पाठवलं, अर्धंच हाती लागलं.
गावाचं शेवटचं अक्षर.
आमच्याकडे पाऊस, म्हणाला.
तुमच्याकडे?
हवा सांगायची रीत आहे. मी सांगितलं,
अंधार.
उत्तम, त्यानं कळवलं,
आणि पुढचं काही सुरू केलं, दोन ठोके, तिसरा लांब,
तोच लाइट आली.
गल्ली टाळ्या वाजवत होती.
पाटीदारांचे मासे परत श्वास घेऊ लागले.
अख्ख्या कॉलनीत मी एकटीच
पंख्याला शिव्या देत बसलेली.

सकाळी कुंपणावरून भाभी:
"लगा क्या किसी को?"
लगा.
"क्या बोला?"
बोला, बारिश है.
त्यांनी वर पाहिलं. कोरडं, पांढरं.
सहा शेंगा माझ्या हातात दिल्या.
"आपकी डोरी ढीली हो गई, दीदी," म्हणाल्या,
"रात में मैंने ज़रा कस दी."